तुम्ही विचारलंत म्हणून: माझी आवडती संख्या

शिकवणीला नवी पोरं आली की आठवडाभरात कोणीतरी विचारतंच, "सर, तुमची आवडती संख्या कुठली?" पालकांना वाटतं मी देवळालीच्या कापरेकर मास्तरांची ६१७४ सांगणार. तिचा मान मोठाच. पण माझी ४००००४. आमच्या गिरगावचा पिन कोड.

पूर्वी पत्त्यावर नुसतं 'मुंबई ४' लिहिलं की पत्र चाळीत पोचायचं. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड आला. ती पद्धत आखली टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. हे गृहस्थ संस्कृतातले कवीही होते. मुंबईला ४०० मिळाले, शेवटी आमचा जुना ४ तसाच राहिला, आणि संख्या दोन्हीकडून सारखी वाचता येऊ लागली.

हा योगायोग. पण तिला ११ ने भाग जातो, हा मात्र योगायोग नाही. अंकांची संख्या सम असलेली कुठलीही अशी संख्या घ्या, ११ ने भाग जाणारच. एकाआड एक अंक मिळवा-वजा करा: टोकाचे सारखे अंक विरुद्ध चिन्हांचे निघतात आणि जोडीजोडीने खलास होतात.

४००००४ = ४ × ११ × ९०९१. आता ९०९१ मूळ आहे का? शाळेत असताना मी जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर २ पासून ८९ पर्यंत चोवीसही मूळ संख्यांनी भागून पाहिलं होतं. फुकट घाम गाळला. ९०९१ हा १००००१ चा, म्हणजे दहाचा पाचवा घात अधिक एक याचा अवयव आहे. अशा संख्येचा ११ सोडून दुसरा कुठलाही मूळ अवयव १ नेच संपावा लागतो. म्हणजे ११, ३१, ४१, ६१, ७१ एवढेच तपासायचे. पाचांपैकी एकानेही भाग जात नाही. मूळच आहे.

आणि खरी गंमत पुढेच. १ ला ९०९१ ने भागा: ०.०००१०९९९८९, मग हेच दहा अंक पुन्हा पुन्हा. आवर्तन नेमकं दहा अंकांचं असलेली मूळ संख्या जगात ही एकच. दुसरी नाहीच. गिरगावच्या पत्त्यात ती इतकी वर्षं गुपचूप बसलीय, हे पोस्टमनलासुद्धा ठाऊक नसेल.

यंदा परळच्या एका पोराने भांडण काढलं. त्याचा पिन ४०००१२, म्हणजे ४ × १००००३, आणि १००००३ ही सहा अंकी मूळ संख्यांतली सर्वांत लहान. घरी जाऊन शोधून आला होता पठ्ठ्या. मला क्षणभर काही सुचेना.

म्हटलं, "बरोबर आहे बाबा. पण तुझा पिन उलटा लिहिला तर २१०००४ होतो. पत्र जाईल उत्तर प्रदेशात. माझं गिरगावातच येतं."