सगाईची काळी माती आणि अडलेले मागचे चाक

मागील नोंदीत जांबुघोड्याची सायकलफेरी निर्विघ्न पार पडल्याचे मी जरा मिजाशीतच लिहिले होते. ती मिजास गेल्या रविवारी गुजरातेत डेडियापाड्यापलीकडे, सगाईहून माळ-सामोटच्या बाजूला जाताना पुरती उतरली. डांबरी रस्ता सोडून सागवनातील गाडीवाट धरली आणि चार किलोमीटरांना पाच तास लागले. त्यांपैकी सायकलवर बसून काढलेला वेळ अर्धा तासही भरणार नाही.

अडचण एकच होती: मागचे चाक फिरेना. राजपीपळ्याच्या डोंगरांतील ही काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज पाणी पिऊन फुगते आणि टायरला धरून बसते. नुसती माती बोटानेही निघाली असती, परंतु तिच्यात सागाची कुजकी पाने आणि बांबूची पाती मिसळली की कुडाच्या भिंतीवरचे लिंपणच तयार होते. पन्नास पावलांत टायर व मडगार्ड यांमधील फट गच्च भरे आणि पॅनिअरसह, म्हणजे कॅरिअरला लटकवलेल्या सामानाच्या पिशव्यांसह, बत्तीस किलोची सायकल नांगरासारखी ओढावी लागे. बांबूच्या कामटीने खरवडावे, पन्नास पावले जावे, पुन्हा खरवडावे. हे मडगार्ड शहरातील एका मोठ्या दुकानाने ‘कोणत्याही सायकलला बसेल’ अशा हमीवर दिले होते. ते बसले खरे, पण टायरवर करंगळी जाईल एवढीही जागा त्याने ठेवली नाही. शेवटी एका मोहाखाली बसून ते काढले, तर चिखल वर सरकून व्ही-ब्रेकच्या (रिमला रबरे दाबणाऱ्या ब्रेकच्या) कमानीत आणि चेनस्टेच्या, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळ्यांच्या, पुलाशी साचू लागला. वर गियर बदलणाऱ्या डिरेलरचा हँगर, म्हणजे तो ज्याला टांगलेला असतो ती पट्टी, वाकला तो वेगळाच. ब्रिटिश सायकलप्रवासी इयन हिबेल यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी पनामा-कोलंबिया सीमेवरील दारिएनच्या दलदलीतून सायकल वाहून नेली होती, हे आठवून मी थोडे समाधान करून घेतले.

एक सुख मात्र लिहिलेच पाहिजे. वाट संपून मुरमाचा चढ लागला, तेव्हा पुढे २२ आणि मागे ३६ दात्यांची नवी जोडी प्रथमच कसाला लागली. पेडलच्या एका फेरीत सायकल जेमतेम १.४ मीटर सरकते, पण सगळ्या सामानासह पाय न टेकवता वर पोचलो. वडोदऱ्यात रावपुऱ्यामागच्या गल्लीतील म्हाताऱ्या मिस्त्रींनी ही कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) बसवताना ‘एवढी ताटली कशाला?’ म्हणून माझी चेष्टा केली होती.

चिखलाला जागा मिळावी म्हणून काहींनी ५८४ मिलिमीटर व्यासाच्या रिमचे चाक सुचवले होते. माझ्या ६२२च्या तुलनेत त्रिज्येत १९ मिलिमीटर जागा मिळेल, परंतु व्ही-ब्रेकची रबरे रिमपर्यंत पोचणार नाहीत आणि डिस्क ब्रेकसाठी फ्रेमच बदलावी लागेल. म्हणून ४७ऐवजी ३८ मिलिमीटर रुंदीचा टायर घालण्याचे ठरवले होते. त्याने वर सुमारे नऊ आणि दोन्ही बाजूंना साडेचार मिलिमीटर मिळतात.

एवढे लिहून झाल्यावर सामोटच्या शेतकऱ्याचे एक वाक्य आठवले. ‘पाऊस चालू असताना गाडे निघते, उघडल्यावर रुतते,’ असे तो गुजरातीत म्हणाला होता आणि मी ते हसण्यावारी नेले होते. नोंदवहीतील वेळा आता पाहिल्या: सकाळी कोसळत्या पावसात पहिला किलोमीटर वीस मिनिटांत झाला, कारण चिखल पातळ होता आणि टायरवरून धुपून जात होता. खरी फजिती ऊन पडल्यावर, माती कणकेसारखी घट्ट होऊ लागल्यावर सुरू झाली. मी तर उघडीप पाहून निघण्याचाच बेत आखत होतो.

तेव्हा गणपती झाल्यावर तोरणमाळला निघायचे ते आता पहाटे, पडत्या पावसातच. उघडीप आली की पुढची सर येईपर्यंत सायकल झाडाला टेकवून ठेवायची. टायर ४७चाच राहील, मागचे मडगार्ड घरी राहील आणि हँगर मात्र दोन जास्तीचे घेईन.