पहिल्या बर्फावरील मासेमारी : हंगामाच्या सुरुवातीच्या नोंदी

तळ्यावरचा बर्फ आता पाय ठेवण्याजोगा झाला आहे. काठावरून आत जाताना दर दोन-तीन पावलांना पहारीचा जोरकस घाव घालून पाहिला आणि ठिकठिकाणी गिरमिटाने भोक पाडून जाडी मोजली. काळसर दिसणारा स्वच्छ बर्फ १० सेंटिमीटरांहून थोडा अधिक भरला. एका माणसाने चालत जाण्यासाठी सर्वसाधारणपणे हीच किमान जाडी मानली जाते. पाणकणसांच्या बेटांजवळ आणि ओढा तळ्याला मिळतो त्या बाजूला मात्र पहार दुसऱ्याच घावात आरपार गेली, म्हणून तो भाग सोडून दिला. हिम मिसळून गोठलेला पांढुरका बर्फ स्वच्छ बर्फाच्या निम्म्याच ताकदीचा धरावा लागतो. बर्फ फुटून पाण्यात पडल्यास वर येण्यासाठी बर्फात रोवायचे टोचे गळ्यात अडकवल्याखेरीज या दिवसांत तळ्यावर जाऊ नये, हे जुन्या हौशी मंडळींनाही पुन्हा सांगावेसे वाटते.

मासे अजून उथळ पाण्यातच आहेत. अडीच-तीन मीटर खोलीवर जेथे पाणवनस्पती हिरव्या आहेत तेथेच पर्च (गोड्या पाण्यातला एक पट्टेदार मासा) मिळाले. तपकिरी पडून कुजू लागलेल्या वनस्पतींजवळ काहीच हाती लागले नाही, कारण कुजताना त्या पाण्यातला प्राणवायू उलट खातात. उथळ पाण्यावर हिमाचे आच्छादन नसले की माणसाची सावली आणि बुटांची करकर दोन्ही खालपर्यंत पोहोचतात. म्हणून सगळी भोके आधीच पाडून ठेवली आणि ती थोडा वेळ तशीच सोडली. यंत्राचे गिरमिट माझ्या मते यावेळी निव्वळ ओझे आहे. एवढा पातळ बर्फ हातगिरमिटाने सहज कापला जातो आणि गोंगाटही होत नाही.

टंगस्टनचा बारीक गळ आकाराच्या मानाने जड असल्यामुळे तंगूस ताठ राहतो व हलका स्पर्शही कळतो. आमिष तळापासून वीतभर वर धरून अगदी थोडे थरथरवले आणि मग स्थिर ठेवले, तेव्हा पर्चने ते घेतले. पुष्कळदा तो आमिष खाली ओढत नाही, तोंडात धरून वर उचलतो; अशा वेळी काठीच्या टोकाची वाकलेली स्प्रिंग सरळ होते आणि तंगूस सैल पडतो. नेमक्या त्याच क्षणी काठीला हिसका द्यायचा. भोकावर धरणारी साय झाऱ्याने वरचेवर काढत राहिले नाही, तर तंगूस तिच्यात अडकतो आणि ही सूक्ष्म खूण हुकते.

बर्फ आणखी जाड झाला की वनस्पतींच्या बाहेरच्या कडेला, जेथे तळ एकदम उतरतो, तेथे पाइक या मोठ्या शिकारी माशासाठी झेंडीचे सापळे (मासा आमिषाला लागला की झेंडी वर उठते असे) लावणार आहे.