खाली फोम नसलेलं काम

आमचं रोजचं काम गाड्यांच्या सीटचं आणि सोफ्यांचं. त्यात एक मोठी सोय असते: रेक्झिनखाली फोम असतो. माप थोडं इकडेतिकडे झालं तरी फोम सांभाळून घेतो, ताणून टाकर, म्हणजे पिना ठोकायचं यंत्र, मारला की विषय संपला. त्यामुळे गिटार वाजवणारा एक मुलगा घरी बनवलेला अ‍ॅम्पचा, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचा, लाकडी डबा घेऊन आला आणि "ताई, याला रेक्झिन लावून द्याल का?" म्हणाला, तेव्हा माझ्या हाताखालच्या पोराने हसतच डबा बाकावर घेतला. चार बाजू, पुढून-मागून उघडा. दुपारपर्यंत उरकेल असं त्याला वाटलं.

डबा मात्र सुरेख होता. १८ मिलिमीटरचा बर्च प्लाय, कोपऱ्यांना फिंगर जॉइंट, बाहेरच्या कडा राउटर या लाकूड कोरायच्या यंत्राने १२ मिलिमीटरच्या गोलाईत फिरवलेल्या. चासिस, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या) ज्यावर बसतात तो पत्र्याचा भाग, त्याने घरीच काढून ठेवला होता. बरं केलं. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात, आणि असली वस्तू माझ्या बाकावर मला नकोच.

त्याला जुन्या अ‍ॅम्पसारखा काळा, दाणेदार पोत हवा होता. मोबाइलवर फोटो दाखवता दाखवता त्याने इतिहासही सांगितला. १९५० च्या दशकात फेंडरचे अ‍ॅम्प ट्वीडच्या कापडात यायचे, १९६० च्या सुमारास टोलेक्स नावाचं विनाइल आलं, आणि अ‍ॅम्प म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो काळा डबा त्याच्याही नंतरचा. मला ते पटलं. जी वस्तू जन्मभर गाडीत चढणार-उतरणार, दारांना घासणार, तिला पुसून घेता येणारं आवरण हवंच.

मग त्याने बॅफल काढलं. स्पीकर ज्या फळीवर बसतो ती फळी. त्याने ती डब्यात सरकवली आणि हात सोडला. स्क्रू नाही, काही नाही, फळी जागच्या जागी अडकून राहिली. चारही बाजूंना केसाएवढी फट नव्हती. सुतारकाम म्हणून बघितलं तर शाबासकीच द्यावी असं.

मी रेक्झिनचा एक तुकडा घेऊन फळी आणि भिंतीच्या मधे घालून बघितला. अर्थातच गेला नाही.

"ही सगळ्या बाजूंनी कापावी लागेल," मी म्हणाले.

"का? एवढी फिट बसलीय!"

"म्हणूनच. रेक्झिन बाहेरच्या बाजूवर थांबत नाही. ते पुढच्या कडेवरून वळून चार-पाच सेंटिमीटर आत येतं. ते एक मिलिमीटर. तुमची स्पीकरपुढची कापडी जाळी या फळीवरून मागे वळणार, तिचं आणखी तेवढंच. कोपऱ्यात जाळीची घडी येते, तिथे त्याहून जास्त. प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर सोडा."

तो गप्प बसला. मला त्याचं वाईट वाटत होतं, कारण त्या फळीवर त्याने किती घासलं असेल हे कडांवरूनच दिसत होतं. मागच्या झाकणाचीही तीच गत होती. शेवटी त्याने स्वतःच पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारच्या सुतारकामवाल्याकडे जाऊन कापून आणली. रेक्झिन चिकटल्यावर हे लक्षात आलं असतं तर हातोडीने ठोकून फळी बसवावी लागली असती, आणि आत वळवलेलं रेक्झिन सोलून निघालं असतं.

तोवर आम्ही डबा तयार केला. प्रत्येक स्क्रूचं डोकं खाली बसवलं, खड्ड्यांत लांबी भरली, पॉलिश पेपर मारला. मग खोलीतला दिवा बंद करून बॅटरी आडवी धरली. आडव्या उजेडात जे उंचवटे दिसतात ते रेक्झिनमधूनही दिसतात, आज नाही तर महिन्याभराने. पोराला हे नवीन होतं. सीटच्या कामात लाकूड आम्ही कधी कुरवाळत नाही. हँडलची, पायांची भोकंही आत्ताच पाडून घेतली. नंतर ती आतून दाभण घालून सापडतात.

सोल्युशन, म्हणजे रेक्झिन चिकटवायचा गोंद, दोन्हीकडे लावायचं, लाकडाला आणि रेक्झिनच्या पाठीला. प्लाय पहिला हात पिऊन टाकतो, म्हणून लाकडाला दुसरा हात. मग थांबायचं. बोटाची मागची बाजू टेकवली आणि चिकटली नाही की तयार. एकदा दोन्ही पृष्ठभाग टेकले की परत उचलून सरळ करायची सोय नसते, म्हणून मधे तपकिरी कागद सरकवला आणि तो थोडा थोडा ओढत, वर रोलर फिरवत पुढे गेलो. एकच लांब पट्टा तळापासून सुरू करून डावी बाजू, माथा, उजवी बाजू आणि पुन्हा तळाशी. जोड तळाला, कुणाला दिसू नये असा.

या जोडाची गंमत सांगायलाच हवी. दोन्ही टोकं तीन सेंटिमीटर एकमेकांवर येऊ द्यायची, तेवढ्या भागाला सोल्युशन लावायचं नाही. वर लोखंडी पट्टी, कटरला कोरं पातं, आणि दोन्ही थर एकाच घावात कापायचे. वरचं कात्रण काढा, टोक उचलून खालचं कात्रण ओढून घ्या, मग तिथे सोल्युशन लावून दाबा. दोन्ही कडा एकाच पात्याने कापलेल्या, त्यामुळे फट राहतच नाही. काळ्या दाण्यात तो जोड मलाच पुन्हा शोधावा लागला.

पुढच्या कडेचे कोपरेही असेच, फक्त तिरपे, ४५ अंशांत. बाहेरचा घेर मोठा, आतला लहान, त्यामुळे वळवताना तिथे जास्तीचं रेक्झिन गोळा होतं. ते घडी करून दाबलं तर चार थरांची गाठ होते. हीट गन थोडी दाखवली की रेक्झिन मऊ पडून गोलाईवर बसतं. जास्त दाखवली तर दाणा वितळून चकाकतो, आणि तो डाग कशानेही जात नाही. शिवाय सोल्युशनची वाफ पेट घेते. वास पूर्ण जाईपर्यंत, दारं-खिडक्या उघड्या असल्या तरी, मी गनचा प्लग लावू देत नाही. पोर यावर कुरकुरतो. कुरकुरू दे.

माथ्याच्या आतल्या बाजूला मी मागचं रेक्झिन नेहमीसारखं लांब वळवणार, एवढ्यात गिटारवाल्या मुलाने हात आडवा घातला. "तिथे नको, ताई. तिथे अ‍ॅल्युमिनियमची फॉइल येते." चासिसची उघडी बाजू माथ्याकडे असते, वरून फॉइलचं झाकण बसतं आणि ते चासिसच्या धातूला टेकावं लागतं, नाहीतर बाहेरची घरघर अ‍ॅम्पमध्ये शिरते. मधे रेक्झिन आलं तर धातूला धातू टेकणार कसा? मी तेवढ्या भागात वळण आखूड ठेवलं.

संध्याकाळी बॅफल आत गेलं. हाताच्या जोराने, हातोडीशिवाय. त्याने चासिस आणून बसवली, गिटार जोडली आणि सगळ्यात जाड तार छेडली. डब्यातून बारीक झणझण आली. पोराने लगेच माझ्याकडे बघितलं, कुठेतरी रेक्झिन सुटलं असणार. मी गिटारवाल्याला तीच तार छेडत राहायला सांगितलं आणि बोटाने एकेक जागा दाबत गेले: कडा, कोपऱ्यांच्या टोप्या, मागचं झाकण. हँडलच्या टोकाच्या पत्र्यावर बोट ठेवलं आणि आवाज थांबला. स्क्रू पुरता आवळलेलाच नव्हता. हँडल त्याने स्वतः बसवलं होतं, म्हणून पेचकसही त्याच्याच हातात दिला.