टाके घालता येतात तुम्हाला?

"मॅडम, हे तुम्ही काढणार, की सर्जनकडे जाऊ?" इंदूरमध्ये दवाखाना टाकल्यापासून आठवड्यातून दोनदा तरी हे ऐकते. स्किनवाली म्हणजे मलम, गोळ्या आणि केसगळतीचा शांपू. सुरी लागली की सर्जन, असा हिशेब लोकांच्या डोक्यात पक्का आहे. त्वचारोगतज्ज्ञ ऑपरेशन करतात का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

गेल्या पावसाळ्यात रामबागेतल्या एक आजी मुलाबरोबर आल्या. नाकपुडीशेजारी मसुराएवढा काळा ठिपका, कड मोत्यासारखी चकाकणारी. "मस आहे गं, दीड वर्ष झालं. मधूनच रक्त येतं." आधी कुणीतरी तो जाळून दिला होता आणि तुकडा तपासायला पाठवलाच नव्हता. याचा मला मनस्वी राग येतो. आपल्या सावळ्या कातडीत बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कॅन्सर पुष्कळदा काळाच दिसतो आणि तीळ म्हणून खपून जातो. भूल दिली, तीन मिलिमीटरच्या पंचने, म्हणजे गोल पात्याच्या हत्याराने, तुकडा घेतला, एक टाका घातला. मुलगा बघतच राहिला. "टाके घालता येतात तुम्हाला?"

येतात की. तीळ, चामखीळ, छोट्या गाठी, नखाचं ऑपरेशन, कोडाच्या डागावर कातडीचं रोपण, हे सगळं आम्ही करतो. कॅन्सरचा एकेक थर कापून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली कडा तपासायची पद्धत १९३०च्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक मोह्स यांनी काढली. ते स्वतः सर्जन, पण आज तिथे ती बहुतेक त्वचारोगतज्ज्ञच करतात. आणि पुण्याजवळ कपाळाची कातडी वळवून कापलेलं नाक नव्याने बसवणारा तर विटा बनवणाऱ्या जातीतला होता. १७९४ साली लंडनच्या मासिकात ते छापून आलं. दारावर कसली पाटी असेल त्याच्या?

म्हणून मी म्हणते, पाटीपेक्षा डॉक्टरला विचारा: अशी किती केलीत? तुकडा तपासायला जाणार ना? अडलं तर कुणाकडे पाठवाल?

आजींचा रिपोर्ट कार्सिनोमाच आला. भोवतालच्या चांगल्या कातडीची पुरेशी कड घेऊन काढायचं तर नाकपुडीचा काठच जाणार होता, आणि तो नव्याने घडवायला प्लास्टिक सर्जनचाच हात हवा. मीच चिठ्ठी लिहून दिली. ऑपरेशन छान झालं. टाके काढायला मात्र आजी माझ्या दारात हजर. म्हणाल्या, "तिकडे फार वेळ बसवतात बाई."