सीटची पिन

मे महिन्यातल्या त्या दुपारी उजळाईवाडीच्या विमानतळावर पारा 38 अंशांच्या घरात होता. कोल्हापूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने अशा उन्हात हवा इतकी विरळ होते, की विमान 1,600 मीटर उंचीवर असल्याप्रमाणे सुस्त चढते. म्हणून वेगावरची नजर ढळू द्यायची नाही, असे मी विद्यार्थिनीला बजावले होते. विमान सेस्ना 172, एका इंजिनाचे छोटे विमान. डाव्या सीटवर ती, उजव्या सीटवर प्रशिक्षक म्हणून मी.

चाके जमिनीवरून सुटली, नाक वर झाले आणि तिची सीट रुळावरून मागे घसरली. पाय रडरपर्यंत, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पेडलांपर्यंत पोहोचेनात, आणि आधारासाठी घट्ट धरलेला योक (नाक वर-खाली करण्याचे हातातले चाक) तिच्या वजनासकट मागे ओढला गेला. पूर्ण शक्तीवर इंजिन विमानाला डावीकडे खेचते. ते सावरणारा उजवा रडर तिच्या पायाखाली उरला नव्हता. नाक चढत गेले, वेग उतरत गेला आणि स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल जाण्याच्या बेतात असल्याचा इशारा देणारा भोंगा वाजू लागला. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन साधारण 16 अंशांपलीकडे गेला की पंखांची उचल कोसळते, इंजिन कितीही जोरात असले तरी. त्यात विमान वळत असेल तर एक पंख आधी पडतो आणि गिरकी सुरू होते. तिच्यातून सावरायला शेकडो मीटर उंची लागते. आमच्याखाली जेमतेम 60 मीटर होती.

“योक सोड!” मी ओरडलो, आणि तिने सोडला. मागे घसरणारा माणूस हाती लागलेली वस्तू सहसा सोडत नाही. विमान वाचले ते माझ्या जोरापेक्षा तिच्या त्या कृतीमुळे, असे मी मानतो. मी नाक खाली दाबले, उजवा रडर दिला, भोंगा थांबला आणि चक्कर पूर्ण करून आम्ही उतरलो.

देखभाल अभियंत्यांनी सीट काढली तेव्हा रुळातले भोक झिजून लांबट झालेले दिसले. सीट जागेवर अडकवणारी पिन त्यात पूर्ण न उतरता कडेवरच टेकली होती. सेस्नाच्या या रुळांची ठरावीक तासांनी तपासणी करण्याचा आदेश अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने 1987 मध्येच काढला होता. इतका जुना, इतका ठाऊक असलेला दोष नोंदवहीतल्या सहीआड दडून राहतो, याचा मला संताप येतो.

रूळ बदलेपर्यंत ते विमान मी उडू दिले नाही. आता इंजिन सुरू करण्यापूर्वी विद्यार्थ्याला सीट जोराने मागेपुढे ढकलायला लावतो, पिन पूर्ण उतरल्याचे स्वतः वाकून पाहतो, आणि सीट घसरली तर योक सोडण्याचा सराव जमिनीवरच करून घेतो.