ओपन लिबर्टीत फीचर टाकायचं राहिलं की काय होतं

ओपन लिबर्टी हा जावा ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर, तो नवीन बघणाऱ्याला वाटतं यात तर काहीच नाहीये, आणि ते खरंच आहे, कारण मुळात तो एक छोटा कर्नल आहे, खाली ओएसजीआय (जावाचे तुकडे चालू असताना जोडणारी-काढणारी यंत्रणा), आणि सर्व्हलेट (वेब रिक्वेस्ट हाताळणारं), सीडीआय (लागणारे ऑब्जेक्ट आपोआप पुरवणारं), जेपीए (डेटाबेसशी बोलणारं), जेएमएस (मेसेज पाठवणारं) वगैरे फीचर मंडळी तुम्ही बोलावल्याशिवाय येत नाहीत. बोलवायचं म्हणजे सर्व्हर डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाईलमधे फीचर मॅनेजरखाली एक ओळ, पर्सिस्टन्स-३.१ (जेपीएचंच नवं नाव) किंवा जे हवं ते. सर्व्हर चालू असताना लिहिलं तरी चालतं, तो डीफॉल्टला दर ५०० मिलिसेकंदांनी फाईल बघतो आणि बदल दिसला की फीचर लोड करतो (प्रॉडक्शनला हे बंदच ठेवा बाबा). फीचर मशीनवरच नसेल तर फीचर युटिलिटी ही कमांड ते मेव्हन सेंट्रल या जावा लायब्रऱ्यांच्या भांडारातून आणते, आणि डॉकरमधे कर्नल-स्लिम (नुसता कर्नल असलेली) इमेज घेतली असेल तर आधी सर्व्हर डॉट एक्सएमएल कॉपी करायची, मग फीचर्स डॉट एसएच चालवायची, उलट केलं तर त्या स्क्रिप्टला कळणार कसं काय आणायचं ते!

इथपर्यंत सोपंय. गंमत पुढे आहे.

मेव्हनच्या पॉम या बिल्ड फाईलमधे आपण सहसा अख्ख्या जकार्ता ईईची (वरच्या सगळ्या मंडळींचं एकत्र स्टँडर्ड) एपीआय प्रोव्हायडेड स्कोपमधे, म्हणजे फक्त कंपाइलपुरती, टाकून मोकळे होतो, त्यामुळे कंपाइलरला सगळं दिसतं, बिल्ड हिरवं, पण सर्व्हरला मात्र तुम्ही यादीत लिहिलं तेवढंच माहीत. आता कोडमधे जेपीएचा एंटिटी मॅनेजर थेट वापरलाय आणि फीचर नाहीये, तर क्लास सापडत नाही म्हणून आरडाओरडा होतो, दोन मिनिटांत कळतं. हे बरं. वाईट प्रकार ॲनोटेशनचा, म्हणजे कोडवर @ लावून लिहिलेल्या खुणेचा. रनटाइमला ॲनोटेशनचा क्लासच सापडला नाही तर जावा ते ॲनोटेशन गुपचूप सोडून देतं, एरर नाही, वॉर्निंग नाही. म्हणजे सीडीआय फीचर राहिलं तर इंजेक्टवाली फील्ड नल, आणि नल पॉइंटर भलत्याच ठिकाणी येणार, तुम्ही तासभर आपलाच कोड वाचत बसणार. पण तो निदान फुटतो तरी! बीन व्हॅलिडेशन-३.० (आलेला डेटा तपासणारं फीचर) राहिलं तर काहीच फुटत नाही, नॉट-नल, साइज सगळं जागच्या जागी लिहिलेलं, कोड रिव्ह्यूत छान दिसतं, आणि जिथे ४०० (चुकीची रिक्वेस्ट) यायला हवा तिथे २०० (सगळं ठीक) येतो आणि कचरा डेटा थेट टेबलात. म्हणून चुकीची रिक्वेस्ट पाठवून ४०० येतो का हे बघणारी एक तरी टेस्ट खऱ्या सर्व्हरवर चालवा, युनिट टेस्टमधे व्हॅलिडेटर बहुतेक टेस्टच्या क्लासपाथवर असतो त्यामुळे ती पास होते आणि आपण निर्धास्त.

यावर लोकांचा उपाय ठरलेला, जकार्ता ईई-१०.० हे छत्रीवालं फीचर टाकायचं, सगळंच आत. सुरुवातीला ठीक आहे हो, पण मग हलका सर्व्हर घेतला कशाला? दोन रेस्ट एंडपॉइंटसाठी मेसेजिंग, कनेक्टर्स, फेसेस सगळं लोड करून स्टार्टअप आणि मेमरी दोन्ही वाढवायची. त्यापेक्षा लिबर्टीच्या मेव्हन प्लगइनमधे जनरेट-फीचर्स नावाचा गोल आहे, तो कंपाइल झालेल्या क्लास फाईली वाचून यादी बनवून देतो, ती बघून घ्या आणि मग हाताने आवरा.

जेपीएवाल्यांसाठी थोडं. पर्सिस्टन्स फीचरसोबत एक्लिप्सलिंक हा प्रोव्हायडर (जेपीएचं काम प्रत्यक्ष करणारी लायब्ररी) येतो, हायबरनेट हवं असेल तर पर्सिस्टन्स कंटेनर-३.१ घ्यायचं आणि प्रोव्हायडर आपला आपण द्यायचा. डेटाबेसशी जोडणी करणारं जेडीबीसी फीचर आपोआप येतं, ड्रायव्हरचं जार मात्र येत नाही, ते लायब्ररी टॅग लिहून तुम्हीच ठेवायचं.

आणि व्हर्जन मिसळू नका. जेपीए-२.२ हे जावॅक्सच्या (जकार्ताच्या आधीचं पॅकेजचं नाव) जमान्यातलं, सर्व्हलेट-६.० जकार्ताच्या, दोन्ही एका सर्व्हरमधे नांदत नाहीत, लिबर्टी स्वतःच भांडण लॉगमधे सांगतो. कधीकधी यादीत एकच व्हर्जन दिसतं तरी भांडण होतं, तेव्हा इन्क्लुड केलेल्या फाईली आणि कॉन्फिग ड्रॉपिन्सचा फोल्डर उघडा, कारण सगळ्या फाईलींतली फीचर्स एकत्र होतात आणि कॉमन फाईलमधे कोणीतरी कधीकाळी काहीतरी टाकून गेलेलं असतं. खरी यादी बघायची तर स्टार्टअप लॉगमधे सीडब्ल्यूडब्ल्यूकेएफ००१२आय शोधा, कोणती फीचर्स प्रत्यक्ष इन्स्टॉल झाली ते त्या ओळीत असतं.