सरकारी बोटीच्या भरवशावर अंदमान

अंदमानला स्वस्तात जाऊन आले म्हटलं की बडोद्यात लोक आधी विमानाचं भाडं विचारतात. विमानाचं तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं की तो विषय तिथेच मिटतो. खिशाला खरी चाट बसते ती एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, हॅवलॉक ते नील आणि नीलहून परत, हा त्रिकोण बहुतेक सगळेच करतात. खाजगी वातानुकूलित बोटीने केला तर माणशी चार-पाच हजार त्यातच जातात. सरकारी बोटीने निम्म्याहूनही कमीत भागतं. अट एवढीच, की वेळापत्रक बोट ठरवते आणि आपण मान डोलवायची.

माझी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती झालेली, त्यामुळे मान डोलवायला वेळच वेळ होता. भाची एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकते, पाठीवर सॅक टाकून हिंडायची तिला भारी हौस. "ताई बरोबर असेल तरच जा," असं बहिणीने तिला बजावलं आणि माझी वर्णी लागली. उत्तरायण टाकून बडोदं सोडणं आमच्या घरात कोणाला मानवत नाही. गच्चीवरचे पतंग आणि उंधियू आटोपून जानेवारीच्या उत्तरार्धात निघालो. तसा हंगामही तोच. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मोसमी पाऊस देशात सगळ्यात आधी अंदमानला पोचतो, आणि मग समुद्र आणि बोटी दोघांचाही नेम राहत नाही.

भाचीच्या डोक्यात आधी जहाज होतं. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून पोर्ट ब्लेअरला प्रवासी जहाजं जातात. चेन्नईहून अंतर सुमारे १२०० किलोमीटर, म्हणजे अडीच-तीन दिवसांचा प्रवास. सगळ्यात स्वस्त वर्ग बंकचा, एका मोठ्या दालनात एकावर एक झोपायच्या जागा.

"मावशी, सावरकरांना १९११ मध्ये मद्रासहूनच 'महाराजा' जहाजातून नेलं होतं. आपण पण तसंच जाऊया ना."

"अगं, त्यांना पन्नास वर्षांची सजा होती. त्यांना परतीच्या तिकिटाची काळजी नव्हती, आपल्याला आहे."

जहाजाच्या फेऱ्या महिन्यातून मोजक्याच, आणि तारखा फार आधी कळत नाहीत. तारीख पुढे-मागे झाली तर चेन्नईत लॉजचं भाडं भरत बसायचं, वर जहाजावरच्या जेवणाचे पैसे वेगळे. कागदावर मांडून पाहिलं तेव्हा आधी काढलेलं विमान फारसं महाग पडत नव्हतं. ज्यांना जहाजाचीच मजा घ्यायची आहे त्यांनी जरूर जावं, पण पैसे वाचतील म्हणून जाऊ नये असं माझं मत आहे. आम्ही नवजीवन एक्सप्रेसने चेन्नई गाठलं, सेंट्रलवरून मेट्रोने थेट विमानतळ. दोघींच्या सॅक सात किलोच्या आत बसवल्या होत्या, म्हणजे सामान टाकायचीही कटकट नाही आणि त्याचे जादा पैसेही नाहीत. साड्या नाहीत, एक सलवार-कमीझ अंगावर आणि दोन सॅकमध्ये.

पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर लॉजवर सॅक टाकल्या आणि आंघोळ न करताच फिनिक्स बे जेटी गाठली. समुद्र, कॉफी, फोटो सगळं नंतर. सरकारी बोटीचं तिकीट ऑनलाइनही निघतं, पण विक्री प्रवासाच्या मोजकेच दिवस आधी उघडते आणि हंगामात जागा बघता बघता संपतात. आम्हाला घरून मिळालं नव्हतं, म्हणून खिडकी. तिथे एक फॉर्म भरून द्यावा लागतो: नाव, वय, ओळखपत्राचा नंबर, कुठून कुठे, कोणती बोट. 'कुठे'च्या रकान्यात नवी नावं लिहा. हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप झालं, नील शहीद द्वीप, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर श्रीविजयपुरम झालं. रिक्षावाल्यापासून खानावळीपर्यंत सगळे जुनीच नावं घेतात, त्यामुळे पहिल्यांदा आलेला माणूस तक्त्यासमोर हॅवलॉक शोधत उभा राहतो. बोटींच्या वेळा रोज सारख्या नसतात. तिथल्या सरकारी दैनिकात, 'डेली टेलिग्राम्स'मध्ये, त्या छापून येतात. लॉजच्या काउंटरवर पडलेला अंक आम्ही तेवढ्यासाठीच उचलला.

रांगेत आमच्या पुढे नीलला राहणाऱ्या एक बंगाली काकू होत्या, पायाशी दोन भरलेल्या गोण्या. बेटावरच्या रहिवाशांना भाडं कमी असतं, त्याचं कार्ड त्यांनी हातात धरलं होतं. भाचीने भरलेला फॉर्म त्यांनी न विचारताच वाचला आणि मान हलवली. "सुबह वाला सबको चाहिए, बेटी. दोपहर का भी भर के रखो." भाचीने तिथेच भिंतीला कागद टेकवून दुसरा फॉर्म भरला. खिडकीशी पोचलो तर सकाळची बोट भरलेली. आतल्या माणसाने आमचा कागद परत सरकवला, भाचीने त्याच हाताने दुपारचा पुढे केला, आणि तिकिटं मिळाली. आमच्या मागचा मुलगा नवा फॉर्म मागायला गेला आणि त्याची पाळी हुकली. कोणी मला अंदमानची एकच गोष्ट विचारली तर मी ही सांगते: दोन फॉर्म, दोन बोटी, आणि पेन आपलं.

बोट परवाची होती, त्यामुळे मधला दिवस सेल्युलर जेलला मिळाला. अबर्डीन बाजारातल्या आमच्या लॉजपासून चालत जाता येतं. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी तीनच आज उभ्या आहेत. मराठी माणूस सावरकरांची कोठडी पाहायला जातो, आम्हीही गेलो. तिथे गर्दी होती आणि सेल्फीही होते, त्यावर काय बोलायचं. मधल्या मनोऱ्यात कैद्यांची नावं कोरलेल्या फरशा आहेत. बंगालच्या यादीत भाचीने बारींद्रकुमार घोषांचं नाव शोधून काढलं. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोदा संस्थानात नोकरीला होते, दांडिया बाजारातल्या त्यांच्या बंगल्यावरून आमचं रोजचं जाणं-येणं. धाकटा भाऊ बारींद्र काही काळ बडोद्यात त्यांच्याकडेच राहिला होता. अलीपूर बॉम्ब खटल्यात त्याला फाशीची शिक्षा झाली, ती जन्मठेपेवर आली, आणि १९०९ मध्ये त्याची रवानगी इथे झाली. १९२० मध्ये सुटला. बंगल्यावरून इतकी वर्षं भाजीची पिशवी घेऊन जाते, पण ही दोन टोकं एकत्र कधी मनात आली नव्हती.

सरकारी बोटीचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा पैशाचा नव्हताच. बहुतेक खाजगी बोटींत काचेआड खुर्चीला खिळून बसावं लागतं. इथे डेकवर उभं राहता येतं. आमच्याबरोबर अंड्यांचे ट्रे होते, एक मोटरसायकल होती, शाळेच्या परीक्षेला गेलेली आणि घरी परतणारी मुलं होती. बोट खाडीबाहेर पडली तशी डोलायला लागली. मी गालात आलेपाकाची वडी धरून क्षितिजाकडे बघत राहिले. अर्ध्या वाटेवर बोटीच्या पुढच्या टोकाजवळून उडते मासे निघायला लागले, एका वेळी पाच-सात, चांदीच्या चमच्यांसारखे, पाण्याला समांतर बरंच लांब जाऊन पुन्हा आत. परीक्षेवाल्या मुलांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

हॅवलॉकला दिवसाचं गणित बदलून घ्यावं लागतं. घड्याळ आपलंच, पण बेट इतकं पूर्वेला की जानेवारीत साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. बडोद्यात त्या वेळी लोक दुपारच्या चहाचा कप विसळत असतात. राधानगरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्यास्तासाठी सगळी गर्दी तिथे. जेट्टीहून तिथवर सरकारी बस जाते, दहा-बारा किलोमीटर, तिकीट अगदी किरकोळ. चढतानाच कंडक्टरला शेवटची परतीची बस विचारून ठेवा. अंधार लवकर पडतो आणि मग जीपवाला म्हणेल तो दर. पाण्यात उतरायच्या आधी मगरीची पाटीही वाचा. ती शोभेची नाही, खाऱ्या पाण्यातल्या मगरी या बेटांच्या खाड्यांत खरोखरच आहेत. जीवरक्षक बसतात त्याच पट्ट्यात पोहायचं.

मुक्काम विजयनगरच्या बाजूला, मुलींच्या डॉर्मिटरीत. वरच्या बंकवर भाची, खाली मी. पुण्याच्या दोघी जणी होत्या, त्यांनी मला पाहून आधी हॉस्टेलची मालकीणच समजलं. "काकू, तुम्ही पण बॅकपॅकिंग?" मी म्हटलं, गुडघे आहेत तोवर. संडास-बाथरूम सामायिक, स्वच्छ. गोड्या पाण्याची चणचण असल्यामुळे बादलीच्या हिशेबाने आंघोळ. आपली बाटली मुक्कामावरच्या फिल्टरवर भरून घेतली की विकतच्या पाण्याचे पैसेही वाचतात आणि बेटावर प्लास्टिकही पडत नाही.

जेवण्याच्या बाबतीत आम्ही सीकेपी नशीबवान. इथली वस्ती मुख्यत्वे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची. गोविंदनगरच्या बाजारात त्यांच्या साध्या खानावळी आहेत: भात, पातळ डाळ, एक भाजी आणि सुरमईचा तुकडा, दीडशे-दोनशेत. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये तोच तुकडा तिप्पट भावाने आणि वर लिंबाची फोड. मोहरी जरा जास्त असते, पण ताजेपणा असा की मी दोन्ही वेळा तेच खाल्लं. शाकाहारी मंडळींनी घरचे थेपले जास्त घ्यावेत. (गुजरातेतून आलेल्या पुरुष मंडळींना बेटावर पोचल्या पोचल्या काय आठवतं ते मी इथे लिहीत नाही, पण स्वस्तातल्या सहलीत तो खर्च वेगळा धरावा.)

स्कूबा चार हजारांच्या घरात गेलं. भाचीने केलं आणि मी ते पैसे हसत दिले. आपण बोटीवर वाचवतो ते अशाच कशासाठी तरी. स्कूटी मात्र एकच दिवस घेतली, ५०० रुपये, काला पत्थर किनाऱ्यापर्यंत आणि उलट.

नीलला निघायचं त्या दिवशी वारा उठला. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा असल्याचं जेट्टीवर कळलं आणि दुपारची फेरी रद्द झाली. शेजारी एक कुटुंब होतं, सुरतेचं. दुसऱ्या दिवशी त्यांचं परतीचं विमान. ते एका एजंटाच्या मागे लागले, त्याने सकाळच्या खाजगी बोटीसाठी जो आकडा सांगितला तो ऐकून त्यांच्या आजींनी कपाळाला हात लावला. आम्ही शेवटचा एक दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये मुद्दाम रिकामा सोडला होता. तो इथे खर्ची पडला. तिकिटाचे पैसे खिडकीवर परत मिळाले, पुढच्या बोटीचे दोन फॉर्म भरले आणि खानावळीत जाऊन बसलो. बेटावरून परतल्याच्या दुसऱ्या दिवशीचं विमान काढायचं नाही, त्याच दिवशीचं तर नाहीच. सरकारी बोटीची जी काही किंमत आहे ती हीच, एक मोकळा दिवस.

नील छोटं, सपाट, सायकलने होण्यासारखं. पोर्ट ब्लेअरची बरीच भाजी इथे पिकते, रस्त्याच्या कडेला वांगी आणि सुपारी. किनाऱ्यांची नावं लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर. लक्ष्मणपूरजवळच्या खडकाच्या नैसर्गिक पुलाशी ओहोटीलाच जावं लागतं. ओहोटी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही, मुक्कामावर विचारून निघायचं. आम्ही पाणी पूर्ण ओसरलेलं असताना पोचलो. खडकांच्या डबक्यांतून काळ्या समुद्रकाकड्या पसरलेल्या, पाठीवर शंख घेतलेले खेकडे लगबगीत, आणि एका खळग्यात मोठा शिंपला तोंड उघडून बसलेला. त्याच्या कडा गर्द निळ्या. भाची वाकली तशी पाण्यावर तिची सावली पडली आणि त्याने कडा झटकन आत घेतल्या. ती बाजूला झाल्यावर हळूहळू पुन्हा उघडल्या. असा खेळ बराच वेळ चालला. पायात पट्ट्यांच्या रबरी चपला हव्यात, प्रवाळाचा खडक ब्लेडसारखा कापतो आणि जखम लवकर भरत नाही.

परतताना विमानतळावर सॅक तपासतात त्यात शंख-शिंपले आणि प्रवाळ हमखास निघतात आणि तिथेच काढून घेतात. किनाऱ्यावरून उचलून न्यायला बंदी आहे, दुकानातून घेतलं असेल तर पावती दाखवावी लागते. आमच्या पुढच्या छोट्याच्या खिशातून मूठभर शिंपले निघाले, त्याने भोकाड पसरलं. त्याची आई जवानाशी वाद घालत असताना आम्ही आत जाऊन हिशेबाची वही उघडली. पहिला नंबर विमानाचा, दुसरा मुक्कामाचा, तिसरा स्कूबाचा. चौथ्यावर बोटी असतील असं भाची म्हणत होती. बेरीज केली तर तिथे सुरमई निघाली.